वाळवंटातल्या योद्ध्याचं बारसं

रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीकडची कॉलेजातली मुलं हल्ली मराठीत अद्भुत कथा लिहू लागली आहेत. काही जण दोघातिघांत मिळून मोबाइलवरचे गेम बनवतात. त्यांच्या वह्या आणि फाइली माझ्याकडे वाचायला येतात, आणि त्यांत वाळवंट हमखास असतं. चार महिने पागोळ्यांखाली राहणाऱ्या मुलांना वाळूच्या मुलखाची ओढ वाटावी, हे मला साहजिकच वाटतं. कथानकं चांगली असतात, नकाशे तर सुरेख असतात. घोडं अडतं ते नावांपाशी. झाखार, अल-कझार, खाझिर, राझ'अक, झुल-खान. पाच योद्धे, पाच स्वभाव, आणि तिसऱ्या पानावर कोण कुणाचा भाऊ नि कोण कुणाचा वैरी हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

ख, झ आणि 'अल' यांची मिसळ केली की नाव वाळवंटी होतं, अशी समजूत यामागे आहे. त्यातून कानाला एक ठराविक रंग मिळतो, माणूस मिळत नाही. या मुलांना मी एकच सांगते: नाव शोधू नका, नाव ठेवायची रीत शोधा. तुमच्या टोळीत मूल जन्मलं तर त्याला नाव कोण देतं, कशावरून देतं, मोठेपणी ते बदलतं का, परका माणूस त्याला काय म्हणतो? एवढं ठरलं की नावं सुचत जातात आणि एकमेकांत मिसळत नाहीत.

रीत म्हणजे काय हे कळायला कोकणातून बाहेर पडायचीही गरज नाही. एसटीत शेजारी बसलेल्या माणसानं आडनाव 'गुहागरकर' सांगितलं की त्याचं मूळ गाव आपल्याला कळतं, मग तो तिसऱ्या पिढीपासून डोंबिवलीत का राहत असेना. वाडीत बाईला तिच्या नावानं हाक न मारता 'बंड्याची आई' म्हणतात. दोन मुलं दगावलेल्या घरात तिसऱ्याचं नाव दगडू, धोंडू किंवा भिकू ठेवायचे, म्हणजे दृष्ट लावणाऱ्याचं लक्ष जाऊ नये. गावावरून नाव, मुलावरून नाव, वाईटाला चुकवायला नाव. या तिन्ही रीती जगातल्या वाळवंटांत जशाच्या तशा आढळतात.

कुठलं वाळवंट?

पहिला प्रश्न हाच. आपल्या डोळ्यांसमोर येतं ते बहुतेक वेळा अरबस्तान किंवा सहारा. पण गोबी हेही वाळवंट आहे आणि तिथं हिवाळ्यात बर्फ पडतो. थर आपल्याच देशात आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला नि उत्तर मेक्सिकोत सोनोरा आणि चिवावा आहेत, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे नामिब आणि कलाहारी. तिथल्या योद्ध्यांची नावं एकमेकांसारखी मुळीच वाटत नाहीत.

नामिबियातल्या नामा लोकांचा जर्मनांशी लढताना १९०५ साली मारला गेलेला पुढारी घ्या. त्याचं नाव हेंड्रिक विटबोई. हे नाव डच वळणाचं आहे, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या वसाहतीतून आलेली भाषा आणि धर्म त्या लोकांत शिरले होते. त्याच्या आईच्या भाषेत मात्र जिभेनं टाळूवर चटकारा मारून उच्चारायचे वर्ण आहेत. म्हणजे एकाच माणसाच्या नावात वसाहतीचा अख्खा इतिहास येऊन बसला. आपल्या कथेतली टोळी शंभर वर्षं कुणाच्या अमलाखाली राहिली असेल, तर तिच्या नावांत त्या अमलाची खूण हवी. आजोबांचं नाव एका वळणाचं, नातवाचं दुसऱ्या वळणाचं. वाचणाऱ्याला इतिहास वेगळा सांगावाच लागत नाही.

थरची रीत तर आपल्या अगदी उलट आहे. कोकणात गाव माणसाला नाव देतं, तिथं माणसानं गावाला नाव दिलं. राव जोधानं १४५९ साली वसवलं ते जोधपूर, त्याचा मुलगा बीका यानं १४८८ मध्ये वसवलं ते बीकानेर, आणि त्याआधी ११५६ मध्ये भाटी रावळ जैसल याचं जैसलमेर. असा मुलूख गेममध्ये दाखवायचा तर नकाशावरच्या शहरांची नावं आधी माणसांची नावं असली पाहिजेत, आणि त्या माणसांचे वंशज कथेत फिरताना दिसले पाहिजेत. चारण समाजातल्या पुरुषांच्या नावांत 'दान' येतं, राजपूत स्त्रियांच्या नावाच्या शेवटी 'कंवर' येतं. अशी एखादी छोटी खूण असली की वाचणारा पात्राचा समाज नावावरूनच ओळखतो.

अरबी नावाची उतरंड

सगळ्यात जास्त उसनवारी अरबी नावांची होते आणि सगळ्यात जास्त गोंधळही तिथंच होतो, म्हणून इथं जरा थांबू.

जुन्या अरबी नावाचे पाच भाग असतात. पहिलं जन्मनाव. मग वंश: 'इब्न' म्हणजे मुलगा, 'बिंत' म्हणजे मुलगी, आणि ही साखळी आजा-पणजापर्यंत लांबवता येते. तिसरा भाग मुलावरून: 'अबू' म्हणजे अमक्याचा बाप, 'उम्म' म्हणजे अमक्याची आई. आपली 'बंड्याची आई' ती हीच, फक्त तिथं ती मानाची हाक आहे. चौथा किताब किंवा टोपणनाव. पाचवा गाव, टोळी किंवा मुलूख सांगणारा, ज्याच्या शेवटी बहुधा ईकार येतो: बगदादी, बसरी, मिस्री. हे त्यांचं 'कर'.

लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं यातली खरी मौज अशी की एकाच माणसाला वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या भागानं हाक मारतात. युरोपात ज्याला 'सॅलाडिन' म्हणून ओळखतात त्याचं जन्मनाव युसुफ, बापाचं नाव अय्यूब. सलाहुद्दीन हा किताब, 'धर्माचा नेकपणा' अशा अर्थाचा. म्हणजे आईच्या तोंडी युसुफ, दरबारात सलाहुद्दीन, आणि शत्रूच्या बखरीत आणखी तिसरंच रूप. तुमच्या योद्ध्याला अशी तीन नावं द्या आणि कोण कुठलं नाव घेतं ते कसोशीनं पाळा. मग एखाद्या प्रसंगात शत्रूच्या तोंडून अचानक घरचं नाव बाहेर पडलं, तर तेवढ्यानं वाचणारा दचकेल.

वंशाचा भाग किती जीवघेणा असू शकतो, हे अंताराच्या गोष्टीतून कळतं. अंतारा इब्न शद्दाद हा सहाव्या शतकातला अब्स टोळीचा कवी आणि लढवय्या. आई हबशी गुलाम, नाव झबीबा. त्या काळच्या रिवाजानं गुलाम स्त्रीचा मुलगाही गुलामच, त्यामुळे बाप टोळीतला मानकरी असूनही मुलाला बापाचं नाव लावता येईना. परंपरा सांगते की टोळीवर हल्ला झाला, बाप म्हणाला, लढ. मुलगा म्हणाला, गुलामाला उंटिणींचं दूध काढता येतं, लढता येत नाही. तेव्हा बापानं तिथंच त्याला स्वतंत्र केलं, तो लढला, आणि 'इब्न शद्दाद' झाला. नावाचा अर्धा भाग त्यानं रणात मिळवला. तुमच्या कथेतल्या टोळीत नावाचा कुठला भाग जन्मानं मिळतो आणि कुठला कमवावा लागतो, हे ठरवलंत तर निम्मं कथानक तिथंच उभं राहतं.

आता चुका. 'अल' हा स्वतंत्र शब्द नव्हे, ते पुढच्या शब्दाला आधी चिकटणारं उपपद आहे. नुसता 'अल' कुणाचं नाव होऊ शकत नाही, आणि कुठल्याही अक्षरसमूहापुढं तो लावला म्हणून नाव अरबी होत नाही. काही वर्णांपुढं त्याचा लकार उच्चारात नाहीसा होतो आणि पुढचा वर्ण दुहेरी होतो. म्हणून आपण मराठीत सलाहुद्दीन, नूरुद्दीन असंच लिहीत आलो आहोत. मराठी पत्रव्यवहारांत आणि बखरींत शेकडो वर्षं ही नावं आली आहेत, तिथली रूपं कानाला रुळलेली आहेत. ती सोडून इंग्रजी अक्षरांवरून 'सलाह अल-दिन' असं उलटं लिहिण्यात काही अर्थ नाही.

तसंच 'अब्दुल' हे. अब्द म्हणजे सेवक, आणि त्यापुढं ईश्वराचं एखादं विशेषण यावं लागतं. आपले एके काळचे मुख्यमंत्री, रायगडातल्या आंबेत गावचे अब्दुल रहमान अंतुले, यांचं नाव एकत्र वाचलं तर 'दयाळूचा सेवक' असा अर्थ. अर्थाच्या दृष्टीनं 'अब्दुल' वेगळं काढलं तर हातात वाक्याचा तुकडा राहतो. 'अब्दुल-खंजर' असलं काही रचणं त्याहून वाईट, कारण त्यात ईश्वराच्या जागी खंजीर बसतो आणि श्रद्धावान वाचकाला ते बोचतं. शेख, अमीर, राव, खान ही पदं किंवा मानाची संबोधनं. तुमच्या टोळीत ती कुणालाही जन्मनाव म्हणून देऊ नका. आणि खान तर मुळात मध्य आशियाकडचा. अरब टोळीच्या म्होरक्याला तो लावण्याआधी कारण तयार ठेवा.

वाळूचं नाव कुणी ठेवत नाही

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. मुलं योद्ध्याचं नाव वाळू, वादळ, आग, सूर्य यांवरून ठेवतात. वाळवंटातल्या माणसाला वाळूचं काय अप्रूप? ती त्याच्या भाकरीतसुद्धा असते. तो नाव ठेवतो ते दुर्मीळ नि जिवाला जपणाऱ्या गोष्टीवरून. अरबीत मुलाचं नाव घैस असतं, मतर असतं. दोन्हींचा अर्थ पाऊस. मुलीचं नाव दीमा, म्हणजे न गडगडता संथ पडत राहणारा पाऊस, आषाढात आपल्याकडं लागतो तसा. मुझ्न म्हणजे पाणी भरलेला ढग. नदा म्हणजे दव. एखाद्या क्रूर सेनापतीचं नाव 'संथ पाऊस' आहे, हे कळल्यावर ती स्त्री मला लगेच खरी वाटू लागते. तिच्या जन्माच्या वर्षी पाऊस आला होता, आणि त्या आनंदात कुणीतरी तिला ते नाव दिलं होतं.

दुसरी बाजू कडवट नावांची. हन्झला म्हणजे आपलं कडू वृंदावन, वाळूत वेलीवर लागणारं ते विषासारखं कडू फळ. तल्हा म्हणजे बाभळीच्या जातीचं काटेरी झाड. सख्र म्हणजे कातळ. हर्ब म्हणजे युद्ध. किलाब म्हणजे कुत्रे. मुर्रा म्हणजे कडू. सिंहाला तर असद, उसामा, लैस, हैदर अशी कितीतरी नावं. इस्लामपूर्व अरबांत मुलांना अशी दणकट, ओरखडे काढणारी नावं देण्याची चाल होती. त्याबद्दल जुन्या अरबी ग्रंथांत एक प्रश्नोत्तर येतं. एका अरबाला विचारलं, तुम्ही पोटच्या मुलांना कुत्रा, लांडगा, कातळ म्हणता आणि गुलामांना मात्र गोड नावं देता, असं का? तो म्हणाला, मुलांची नावं शत्रूंसाठी असतात, गुलामांची आमच्यासाठी.

हे वाचल्यापासून आपल्या इतिहासातली काही नावं मला वेगळी ऐकू येऊ लागली. राजापुरी बंदरातून जंजिऱ्याला जाणाऱ्या होडीत सिद्दींच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. जौहर, याकूत, संबूळ, अंबर. त्यांतल्या सिद्दी जौहरनं १६६० साली पन्हाळ्याला वेढा घातला. याकूतखान हा किताब जंजिऱ्याच्या सिद्दी कासमला औरंगजेबाकडून मिळाला. संबूळ त्याच आरमारातला. अर्थ पाहा: जौहर म्हणजे रत्न, याकूत म्हणजे माणिक, संबूळ म्हणजे जटामांसीसारखं सुवासिक झाड, अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारं महाग सुगंधी द्रव्य. ही रणधुरंधरांची नावं, पण पठडी गुलामांच्या बाजारातली, मालकाच्या नाकाला आणि डोळ्यांना सुख देणारी. निजामशाही तोलून धरणारा, १६२६ साली वारलेला मलिक अंबर इथिओपियात जन्मला तेव्हा चापू होता. त्याला विकत घेणाऱ्यानं अंबर केलं. 'मलिक' हा मान त्यानं पुढं स्वतःच्या कर्तबगारीनं त्याच्यापुढं बसवला, पण 'अंबर' त्यानं टाकलं नाही.

कथेत गुलामगिरीतून वर आलेला योद्धा असेल, आणि असा योद्धा हल्ली प्रत्येक गेममध्ये असतो, तर त्याचं नाव 'रक्तखड्ग' असू नये. ते नाजूक, सुगंधी, दुसऱ्यानं दिलेलं असावं. आणि जन्मनाव त्यालाच आठवत असावं की नाही, हा लेखकानं घ्यायचा निर्णय.

मंगोल रीत याहून वेगळी. तिथं ज्या घरात मुलं जगत नसत तिथं नाव ठेवत नेरगुइ, म्हणजे 'नाव नसलेला', किंवा एनेबिश, 'हा नव्हे', किंवा हुनबिश, 'माणूस नव्हे'. मूल न्यायला आलेल्या दुष्ट शक्तीला वाटावं, इथं कुणी नाहीच. दगडू-धोंडूच्या मागं जी आई उभी आहे तीच इथं उभी आहे. शत्रूला घाबरवणारं नाव सगळेच देतात. मृत्यूला फसवणारं नाव मिरवणारा घोडेस्वार माझ्या वाचनात अजून आलेला नाही आणि कुणीतरी लिहावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. चंगीजखानाचं जन्मनाव तेमुजिन, त्याचा संबंध लोखंडाशी लावतात. मंगोलांच्या जुन्या इतिहासात मात्र आणखी एक गोष्ट दिली आहे: बापानं नुकत्याच पकडून आणलेल्या तातार शत्रूचं ते नाव होतं, आणि त्याच सुमारास जन्मलेल्या मुलाला त्यानं ते दिलं. पराभूत वैऱ्याचं नाव स्वतःच्या मुलाला! अशी एक रीत ठरवली तर कथेतले दोन शत्रू एकाच नावाचे का, याचं उत्तर वाचणाऱ्याला शोधावंसं वाटेल.

दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव

अपाचे योद्धा जेरोनिमो (१८२९–१९०९). हे नाव मेक्सिकन सैनिकांच्या तोंडचं, स्पॅनिश वळणाचं. त्याच्या लोकांत तो गोयाथ्ले, त्याचा अर्थ 'जांभई देणारा' असा सांगतात. ज्याच्या मागावर अमेरिकेनं हजारोंचं सैन्य धाडलं त्याचं घरचं नाव इतकं निवांत होतं. सातव्या शतकात उत्तर आफ्रिकेत अरब फौजांना अडवणारी अमाझिग (म्हणजे बर्बर) राणी आपल्याला 'काहिना' म्हणून माहीत आहे. ते तिच्या शत्रूंनी दिलेलं नाव, भविष्य सांगणारी या अर्थाचं. तिचं आपलं नाव दिह्या असं सांगितलं जातं. सिरियाच्या वाळवंटातल्या पाल्मिराची राणी झेनोबिया, जिला २७२ साली रोमन सम्राटानं हरवलं, ती स्वतःच्या आरामी भाषेत बत-झब्बाई, म्हणजे झब्बाईची मुलगी. सहारातल्या भटक्या तुआरेग लोकांचं हे नावसुद्धा बाहेरच्यांचं. ते लोक स्वतःला त्यांच्या भाषेवरून 'केल तमाशेक' म्हणतात. 'केल' म्हणजे अमुकचे लोक, म्हणून केल अहग्गार, केल आयर. बापाचं नाव सांगायला पुरुषाला 'अग' लागतो, स्त्रीला 'वलेत' किंवा त्याचंच दुसरं रूप. १९१६ साली आगादेझला फ्रेंचांविरुद्ध उठलेला काओसेन हा तुआरेग होता.

म्हणजे कथेतल्या टोळीला किमान दोन नावं हवीत: ती स्वतःला काय म्हणवते, आणि शेजारचे तिला काय म्हणतात. बखर कुणी लिहिली त्यावर कुठलं नाव टिकलं हे ठरतं.

ऑस्ट्रेलियाच्या मध्य वाळवंटातल्या वार्लपिरी लोकांकडून आणखी एक शिकण्यासारखं आहे. तिथं नात्यांचे आठ गट असतात आणि गटनावाच्या पहिल्या वर्णावरून स्त्री-पुरुष कळतो: भाऊ जाकामारा तर बहीण नाकामारा. एक वर्ण बदलला की झालं. आणि माणूस वारल्यावर त्याचं नाव कितीतरी काळ उच्चारत नाहीत, त्याच नावाच्या जिवंत माणसालाही दुसऱ्याच शब्दानं हाक मारतात. ही चाल त्यांच्या शोकाची आहे, ती उचलून खेळात वापरावी असं मी म्हणणार नाही. पण 'मेलेल्याचं नाव आमच्यात काय होतं?' हा प्रश्न प्रत्येक कल्पित टोळीला विचारता येतो आणि उत्तर तुमचं तुम्हाला रचता येतं.

रचून पाहू

समजा, आपल्या टोळीचं जगणं विहिरींवर आहे. मग नावात विहीर आली पाहिजे. विहिरींची नावं ठरवू: तिर्म, साव, ओदान. मूल जन्मल्यावर ज्या विहिरीचं पाणी त्याच्या ओठाला लावतात ती त्याची विहीर. जोडशब्द 'उर', म्हणजे 'चे पाणी प्यालेला'. वंश आईकडून चालतो, म्हणून आईचं नाव मध्ये. वर्णांचं बंधन असं, की या भाषेत ख, घ, झ, भ असे महाप्राण वर्ण नाहीतच. हे मी मुद्दाम करते, म्हणजे हात आपोआप खाझिर-झाखारकडं वळत नाही. मुलग्याचं नाव 'म'कारान्त, मुलीचं 'स'कारान्त.

आता बेलिम सोरास उर तिर्म. बेलिम, सोरासचा मुलगा, तिर्मचं पाणी प्यालेला. त्याची बहीण इरुस सोरास उर तिर्म. त्यांचा वैरी ओलाम दायेस उर साव. तिघं वेगळे ऐकू येतात, तरी एकाच भाषेतले वाटतात. तिर्म विहीर आटली की काय होईल? भावाबहिणीच्या नावाचा शेवट गळून पडेल. दुसऱ्या टोळीसमोर नाव सांगताना बेलिम 'उर' म्हणून थांबेल, आणि ऐकणाऱ्याला कळेल की या माणसाला आता पाणी नाही, मुलूख नाही. मूळ गावचं घर पडलं तरी 'कर' लावणाऱ्या आपल्या लोकांना ते थांबणं नीट समजेल.

नाव रचल्यावर ते मराठीत चालवून पाहणं फार गरजेचं असतं आणि हे कुणीच करत नाही. आपल्या नावाला ला, ने, चा, शी लागणार. 'बेलिमला, बेलिमने, बेलिमचा' हे सरळ जातं. 'राझ'अक' ला 'ने' लावून मोठ्यानं वाचा, जीभ अडखळते. नाव 'ताझने' ठेवलं तर 'ताझने तलवार उचलली' या वाक्यात नाव ताझ की ताझने? 'मार्ला' नावाच्या योद्ध्याला हाक मारली की ती क्रियापद वाटते. म्हणून ला, ने, चा, त यांनी संपणारी नावं टाळावीत.

दुसरं, लिंग. हमझा, तल्हा, उसामा, अंतारा ही पुरुषांची नावं, पण आकारान्त नाव मराठी कानाला मीरा-सुधासारखं बाईचं वाटू शकतं. उपाय सोपा, आपलं क्रियापद मदतीला आहे. पहिल्यांदा नाव येईल त्याच वाक्यात 'अंतारा उठला' असं लिहून मोकळं व्हावं.

तिसरं, च आणि ज. जहाजातला ज वेगळा, जिल्ह्यातला वेगळा. 'जारेम' असं नाव लिहिलंत तर निम्मे वाचक एक उच्चार करतील, निम्मे दुसरा. ज ला इकार दिलात, 'जिरेम' केलंत, की सगळ्यांचा उच्चार एकच होतो. नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, मराठीत वापरत नाहीत, त्यामुळे अरबी-फारसी दंतमूलीय उच्चारासाठी रझिया, अझीम असा झ लिहिण्याची आपली चाल आहे, ती पुरेशी आहे.

चौथं, नावाचा घरगुती अर्थ. परदेशी गेममधून उचललेलं राजकन्येचं नाव 'झारा' मी कितीदा तरी वाचलं आहे. आपल्याकडं झारा वड्या-भज्या तळायला लागतो, आणि ती राजकन्या कितीही पराक्रमी असली तरी प्रत्येक वेळी कढई डोळ्यांसमोर येते. नाव पक्कं करण्याआधी ते घरातल्या मोठ्या माणसांना आणि मालवणी बोलणाऱ्या एखाद्या मित्राला वाचून दाखवा, खळ्यातून मोठ्यानं हाक मारून पाहा.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक मुलाला बसवून सांगते. चौल, दाभोळ, राजापूर या बंदरांत अरबी घोडे आणि खजूर उतरत, माणसं येत-जात, काही इथलीच झाली. म्हणून कोकणी मुसलमान घरांत नाव अरबी आणि आडनाव इथल्या मातीतलं. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई हे त्यातलंच नाव. तुमच्या गेममध्ये नायकाचं नाव आर्यन आणि मारायच्या दोनशे शत्रूंची नावं सलीम, युसुफ, इब्राहिम असतील, तर तुमच्या बाकावर शेजारी बसणारा मित्र खेळताना दर मिनिटाला आपल्या चुलत्याचं, आजोबाचं नाव मरताना बघेल. त्याला हे सोसायला लावू नका. खलनायक अरबी नावाचा असूच नये असं नाही. पण मग नायक, वैद्य, कवी, विहीर राखणारी म्हातारी, यांचीही नावं त्याच भाषेतली हवीत. पैगंबरांच्या घरातली आणि धर्मात पूज्य असलेली नावं दुष्ट पात्रांना देऊ नयेत. लिबियात इटालियन फौजांशी वीस वर्षं झुंजलेले आणि १६ सप्टेंबर १९३१ रोजी फाशी गेलेले ओमर मुख्तार हे मुळात कुराण शिकवणारे शिक्षक होते. वाळवंटातला योद्धा म्हटल्यावर असाही माणूस आठवावा.

राहता राहिली जनावरं, शस्त्रं आणि जागा. त्यांना नावं देण्यात बहुतेक जण कंटाळा करतात. थरमधल्या पाबूजी या लोकदेवाच्या गाथेत त्यांच्या घोडीला, केसर कालमीला, तोलामोलाचं स्थान आहे. भोपे, म्हणजे ही गाथा गाणारे पुजारी, चित्रांचा पडदा उलगडून रात्रभर गातात तेव्हा तिचं नाव पुन्हा पुन्हा येतं. बलुचिस्तानातल्या मकरानच्या रुक्ष किनाऱ्यावर पोर्तुगिजांशी झुंजलेल्या हम्मल जीहंदची गाणी बलुच लोक गातात, आणि तिथं वाळवंटातला योद्धा गलबतावर चढतो. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट पाहत वाढलेल्या मुलांना ते दृश्य अनोळखी वाटणार नाही. तुमच्या टोळीच्या उंटिणीला, होडीला, आटलेल्या विहिरीला काय म्हणतात ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, आणि प्रत्येक नावापुढं ते कुणी दिलं तेही लिहा.